स्टोइक तत्त्वज्ञान आणि त्याचे पूर्वसूरी : पोलेमोच्या आक्षेपाचा विचार

अथेन्सच्या अकादमीचा प्रमुख पोलेमो ह्याने आपल्या एका श्रोत्यावर केलेला आरोप डायोजेनिस लेअर्शियस ह्या चरित्रकाराने नोंदवून ठेवला आहे. हा श्रोता म्हणजे सायप्रस बेटातील किटिअम नगराचा झेनो. बागेच्या दाराने तो हळूच आत येतो, अकादमीचे सिद्धांत उचलतो आणि त्यांना फिनिशियन पेहराव चढवून आपले म्हणून मिरवतो, असा पोलेमोच्या बोलण्याचा आशय होता. किटिअम ही फिनिशियन लोकांची वस्ती. त्यामुळे त्यातील खोच अथेन्सकरांना सहज कळण्यासारखी होती. केवळ टोमणा म्हणून हे बोलणे विसरले गेले असते. परंतु सुमारे दोन शतकांनंतर अस्कलॉनच्या अँटायोकसने त्याच आरोपाला सिद्धांताचे रूप दिले. अकादमी, ॲरिस्टॉटलचा संप्रदाय आणि स्टोइक ह्यांच्यात वास्तविक मतभेद नाहीच. झेनोने जुन्याच विचारांसाठी नव्या संज्ञा घडविल्या एवढेच, असे त्याचे मत होते. सिसेरोने इ. स. पू. ४५ मध्ये लिहिलेल्या 'दे फिनिबुस' ह्या ग्रंथाच्या चौथ्या भागात हेच शस्त्र स्टोइकांचा कैवारी केटो ह्याच्याविरुद्ध चालविले आहे.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांतून आज जे सांगितले जाते तेही ह्याहून फारसे वेगळे नसते. नीतिविचार सिनिकांचा, विश्वविचार हेराक्लिटसचा, तर्कशास्त्र मेगाराच्या पंडितांचे, आणि ह्या तिहींची मोट म्हणजे स्टोइक दर्शन, असे समीकरण विद्यार्थ्याच्या हाती दिले जाते. ते खरे मानले तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. जे दर्शन सुमारे पाच शतके ग्रीक आणि रोमन जगातील सुशिक्षितांच्या मनावर अधिराज्य करीत होते, त्याला स्वतःचा असा विचारच नव्हता काय? त्याची थोरवी केवळ वृत्तीची, धैर्याची, सेनेका आणि मार्कस ऑरीलियस ह्यांच्या लेखनशैलीची मानावयाची काय? पूर्वसूरींचे ऋण किती हे मोजण्याने ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ऋण घेतलेल्या द्रव्याचे पुढे काय केले, हे पाहावे लागते.

ह्या कामातील मुख्य अडचण साधनांची आहे. झेनो (सु. इ. स. पू. ३३४–२६२), क्लीअँथीस आणि क्रिसिप्पस ह्या पहिल्या तीन प्रमुखांपैकी कोणाचाही मोठा ग्रंथ अखंड उरलेला नाही. एकट्या क्रिसिप्पसच्या नावावर सातशेहून अधिक ग्रंथ सांगितले जातात. त्यांतील अवतरणे तेवढी इतरांच्या लेखनात विखुरलेली सापडतात. हान्स फोन आर्निम ह्याने १९०३ ते १९०५ ह्या काळात ही सर्व अवतरणे तीन खंडांत एकत्र केली, आणि १९८७ मध्ये लाँग व सेडली ह्यांनी विषयवार मांडणी करून त्यांतील निवडक भाग अभ्यासकांना सुलभ करून दिला. परंतु ही अवतरणे ज्यांनी जपली ते प्लुटार्क, गेलेन, सेक्स्टस एंपिरिकस हे बहुतेक स्टोइकांचे विरोधक होते. ऋणकोचा हिशेब धनकोच्या वहीवरून तपासावा, तशी ही स्थिती आहे.

झेनो अथेन्सला कसा आला ह्याविषयीच्या आख्यायिका परिचित आहेत. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेले त्याचे गलबत पिरीअस बंदराजवळ फुटले. अथेन्समध्ये एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात बसला असता झेनोफनच्या 'सॉक्रेटीसच्या आठवणीं'चा दुसरा भाग वाचला जात असलेला त्याने ऐकला, आणि अशी माणसे कोठे भेटतील असे विचारले. तेवढ्यात सिनिक पंथाचा क्रेटीस रस्त्याने चालला होता. दुकानदाराने त्याच्याकडे बोट दाखविले. दुसऱ्या एका कथेत, उत्तम जीवन कसे जगावे असे देववाणीला विचारल्यावर मृतांचा वर्ण धारण कर असे उत्तर मिळाले, आणि त्याचा अर्थ प्राचीनांचे ग्रंथ वाचणे असा झेनोने लावला. ह्या कथा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि ज्यांनी त्या रचल्या त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली होती : हे दर्शन वाचनातून, जुन्या विचारांशी केलेल्या संवादातून जन्मले आणि त्याचा पहिला संवादी सॉक्रेटीस होता.

क्रेटीसच्या शिष्यत्वाविषयीची एक गोष्ट मात्र थोडे थांबून पाहण्याजोगी आहे. झेनोची लाजाळू वृत्ती घालविण्यासाठी क्रेटीसने त्याच्या हाती मसुरीच्या कढणाचे मडके दिले आणि ते कुंभारवाड्यातून घेऊन जाण्यास सांगितले. झेनो ते वस्त्राआड लपवू लागला. तेव्हा क्रेटीसने काठीने मडके फोडले. कढण पायांवरून ओघळू लागले आणि झेनोने पळ काढला. सिनिकांच्या दृष्टीने लज्जा ही निव्वळ रूढी, म्हणून त्याज्य. झेनोला ती त्यागता आली नाही. त्याने तारुण्यात लिहिलेल्या 'आदर्श राज्य' ह्या ग्रंथात देवळे, न्यायालये आणि नाणी ह्या सर्वांनाच निरोप दिलेला होता, आणि कुत्र्याच्या शेपटीवर बसून त्याने तो लिहिला असा विनोद पुढे रूढ झाला. पुढील स्टोइकांना ह्या ग्रंथाची अडचणच वाटत असे. सिनिकांकडून झेनोने सद्गुणाची स्वयंपूर्णता घेतली. मडके फोडण्याची रीत घेतली नाही. हा फरक स्वभावातला वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे.

सद्गुण सुखासाठी पुरेसा आहे, असे सॉक्रेटीसचा शिष्य अँटिस्थेनिस म्हणत असे. त्याला जोड हवी ती फक्त सॉक्रेटीसच्या मनोबलाची. परंतु सिनिकांनी हे मत जगून दाखविले, त्याची सिद्धता मांडण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ती सिद्धता प्लेटोच्या 'युथिडेमस' ह्या संवादात सापडते. तेथे सॉक्रेटीस विचारतो की धन, आरोग्य, सौंदर्य ह्या गोष्टींमुळे कल्याण होते ते कशाने? त्या नुसत्या जवळ असल्याने नव्हे, त्यांचा योग्य उपयोग केल्याने. आणि योग्य उपयोग ज्ञानाने होतो. अज्ञान्याच्या हाती धन आले तर त्याच्या चुका अधिक मोठ्या होतात. म्हणून ह्या गोष्टी स्वतः चांगल्याही नव्हेत आणि वाईटही नव्हेत. ज्ञान हेच एक चांगले, अज्ञान हेच एक वाईट.

झेनोच्या संप्रदायाने केलेला युक्तिवाद ह्याच सुतावर विणलेला आहे. उष्णतेचा धर्म तापविणे, थंड करणे नव्हे. त्याप्रमाणे श्रेयाचा धर्म हित करणे, अहित करणे नव्हे. धन आणि आरोग्य ह्यांच्यापासून हित होते तसे अहितही होते. म्हणून ती श्रेये नव्हेत. परंतु 'युथिडेमस'मधील प्रतिपादन नीट वाचले तर त्यात दोन सूर ऐकू येतात. ज्ञानाच्या मार्गदर्शनाखाली हीच धनारोग्यादिके अधिक मोठी श्रेये होतात, असेही सॉक्रेटीस त्याच ओघात बोलून जातो. ॲरिस्टॉटल आणि पोलेमोचा काळचा अकादमी-संप्रदाय ह्यांनी हा दुसरा सूर धरला. प्रिआमसारख्यावर आलेली संकटे कोसळली तर मनुष्याला सुखी म्हणता येणार नाही, असे ॲरिस्टॉटल स्पष्टच म्हणतो. अकादमीत सद्गुणाला अग्रस्थान होते, पण निसर्गतः प्रिय अशा प्राथमिक गोष्टींनाही श्रेयांत स्थान होते. झेनोने पहिला सूर धरला आणि दुसरा समूळ सोडून दिला. चोरी म्हणावी तर ही अर्ध्याच मालाची, आणि उरलेला अर्धा माल बुद्ध्या टाकून दिलेली अशी विचित्र चोरी होती.

येथे सिसेरोचा आक्षेप खऱ्या अर्थाने सुरू होतो. धन आणि आरोग्य श्रेये नव्हेत, असे म्हटल्यावर झेनोने त्यांचे पुन्हा दोन वर्ग पाडले. आरोग्य, बल, शाबूत ज्ञानेंद्रिये ह्या 'प्रोएग्मेना', म्हणजे पुढे आणलेल्या अथवा ग्राह्य गोष्टी. रोग, दारिद्र्य, वेदना ह्या अग्राह्य. दोन्ही वर्ग 'अदियाफोरा', म्हणजे उदासीन. (मराठीत 'उदासीन' हे विशेषण मनुष्याच्या वृत्तीला लावण्याचा प्रघात आहे, ग्रीक संज्ञा वस्तूला लावलेली आहे. सुखाच्या दृष्टीने ज्या वस्तूमुळे फरक पडत नाही ती वस्तू उदासीन. ह्या भाषिक भेदाकडे दुर्लक्ष झाले की स्टोइक ज्ञानी आणि गीतेतील स्थितप्रज्ञ ह्यांचे घाईने ऐक्य कल्पिले जाते.) सिसेरो विचारतो : आरोग्य निवडावयाचेच असेल तर त्याला 'श्रेय' म्हणावयास कोणती हरकत? पोलेमो त्याला श्रेय म्हणतो, झेनो ग्राह्य म्हणतो. कृती दोघांची एकच. मग हा शब्दांचाच खेळ नव्हे काय?

ह्या आक्षेपाचे उत्तर एका क्षुल्लक वस्तूच्या साहाय्याने देता येते, आणि ती वस्तू सिसेरोच्याच ग्रंथात आहे. सद्गुणी जीवनात एक तेलाची कुपी आणि व्यायामानंतर अंग खरवडण्याची पट्टी ह्यांची भर घातली, तर ज्ञानी मनुष्य ती भर असलेले जीवन निवडील, पण त्यामुळे तो अधिक सुखी होणार नाही, असे स्टोइक म्हणत. सिसेरोला ह्याचे हसू येते. परंतु भेद नेमका येथेच आहे. अकादमीच्या मते कुपीने सुखात भर पडते, कितीही अल्प असो. म्हणजे सद्गुण आणि कुपी एकाच तराजूत बसतात, एक पारडे फार जड एवढेच. स्टोइकांच्या मते तराजूच दोन आहेत. एका तराजूत निवडावयाच्या वस्तूंची किंमत मोजली जाते. दुसऱ्यात निवडण्याच्या कृतीची योग्यता. पहिल्या तराजूतील कितीही वजन दुसऱ्यात चढविता येत नाही. एजिअन समुद्रात मधाचा थेंब हा दृष्टांत केटोच्या तोंडी आहे; परंतु तो काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण थेंबाने समुद्र किंचित तरी गोड होतोच, असे अँटायोकसचा अनुयायी लगेच म्हणू शकेल.

हा भेद खरा आहे असे मान्य केले, तरी त्यामुळे स्टोइकांची सुटका होत नाही. उलट अधिक कठीण आक्षेप त्यांच्याच घरातून आला. झेनोचा शिष्य कायॉसचा ॲरिस्टॉन ह्याने विचारले की सद्गुणावाचून दुसरे काही श्रेय नसेल तर रोग आणि आरोग्य ह्यांत ग्राह्य-अग्राह्य असा भेद तरी कशाच्या आधारावर करावयाचा? चांगला नट ॲगमेम्नॉनची भूमिका मिळो वा थर्सिटीसची, दोन्ही सारख्याच उत्तम वठवितो. ज्ञानी मनुष्यही तसाच. ॲरिस्टॉनचे म्हणणे तर्कदृष्ट्या अधिक निर्मळ आहे, हे नाकारता येत नाही. पण त्याची परिणती विलक्षण होते. सद्गुण म्हणजे योग्य निवड करण्याचे ज्ञान, असे म्हणावयाचे; आणि निवडावयाच्या वस्तूंत मात्र कोणताच भेद नाही. मग ते ज्ञान कशाचे? जे सगळे सारखेच आहे त्यात शहाणपणाला कामच उरत नाही.

ह्या ॲरिस्टॉनविषयी प्राचीन साधनांत आणखी एक माहिती मिळते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. त्याने तर्कशास्त्र आणि विश्वशास्त्र ही दोन्ही अंगे टाकून दिली होती : विश्वशास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आणि तर्कशास्त्र आपल्या कामाचे नाही, असे तो म्हणे. ग्राह्य-अग्राह्य भेद नाकारणारा आणि विश्वशास्त्र नाकारणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग नव्हे. निसर्गाला काही हेतू आहे, त्याने प्राण्याला जन्मतःच स्वतःच्या देहाविषयी आपुलकी दिली आहे, आणि म्हणून आरोग्याकडे ओढा असणे हे विवेकाला धरून आहे, असे मानल्यावाचून झेनोला आपला भेद टिकविता येत नव्हता. निसर्गानुसार जगावे हे वाक्य अकादमीतही परिचित होते. पण त्यातील 'निसर्ग' हा शब्द स्वतः विवेकरूप आहे असे दाखविणे झेनोला भाग होते. म्हणजे सॉक्रेटीसकडून घेतलेला नीतिविचार टिकविण्यासाठी सॉक्रेटीसने प्लेटोच्या संवादांत ज्याकडे पाठ फिरविली त्या विश्वविचाराकडे त्याला वळावे लागले.

असे करतानाही झेनोने हात धरला तो सॉक्रेटीसचाच. फक्त ह्या वेळी झेनोफनच्या सॉक्रेटीसचा. 'आठवणीं'च्या पहिल्या भागात सॉक्रेटीस ॲरिस्टोडेमसला विचारतो की मनुष्याच्या देहातील माती आणि पाणी विश्वातील माती-पाण्याचा अल्पसा अंश आहे. मग बुद्धी तेवढी मनुष्यानेच कोठून तरी पैदा केली आणि विश्वात ती नाहीच, असे कसे? सेक्स्टस एंपिरिकस स्पष्ट सांगतो की झेनोने हाच धागा उचलून आपले अनुमान रचले : बुद्धियुक्त बीज ज्याच्यापासून निघते ते स्वतः बुद्धियुक्त असले पाहिजे, विश्वापासून असे बीज निघते, म्हणून विश्व बुद्धियुक्त आहे. ग्रंथविक्रेत्याच्या दुकानातील आख्यायिका रचणाऱ्याने पुस्तक मोठे नेमके निवडले असे म्हणावे लागते.

विश्वात बुद्धी आहे एवढे म्हणून भागत नाही. ती कोठे आणि कशी आहे हे सांगावे लागते. येथे हेराक्लिटस पुढे येतो. इ. स. पू. ५०० च्या सुमारास एफिसस नगरात होऊन गेलेल्या ह्या विचारवंताने सर्वांना समान असा 'लोगॉस' सांगितला आणि मोजमापाने पेटणारा व विझणारा सनातन अग्नी सांगितला. 'लोगॉस'ला मराठी प्रतिशब्द देणे कठीण आहे. वाणी, प्रमाण, हिशेब, विवेक, नियम ह्या सर्व छटा त्यात आहेत, आणि हेराक्लिटसला बहुधा त्या एकदमच अभिप्रेत असाव्यात. झेनोने रचनाकुशल अग्नी हेच विश्वाचे घडविणारे तत्त्व मानले, तेव्हा ह्या दोन कल्पना एका वस्तूत मिसळून गेल्या.

तथापि ह्या ऋणाची नोंद सावधपणे केली पाहिजे. झेनोच्या ग्रंथांच्या यादीत हेराक्लिटसवर स्वतंत्र ग्रंथ नाही. क्लीअँथीसने मात्र त्याच्यावर चार भागांचे भाष्य लिहिले होते, आणि त्याच्या ज्यूसस्तोत्रात वज्र, अग्नी आणि सर्वव्यापी लोगॉस ह्यांची सांगड हेराक्लिटसची छाया स्पष्ट दाखविते. ह्या परंपरेचा खरा शिल्पकार क्लीअँथीस असावा, हे ए. ए. लाँग ह्यांचे मत त्यामुळे ग्राह्य वाटते. शिवाय हेराक्लिटसची जी वचने आज उपलब्ध आहेत त्यांतील काही स्टोइकांच्याच मार्गे आली आहेत. नदीविषयीचे त्याचे अत्यंत विश्वसनीय मानले जाणारे वचन टिकले, ते क्लीअँथीसने झेनोचा आत्मविषयक सिद्धांत हेराक्लिटसच्या शेजारी ठेवून दाखविला म्हणून. अग्निप्रलयाचे मतही असेच. विश्व ठराविक काळाने अग्नीत विलीन होऊन पुन्हा जसेच्या तसे उत्पन्न होते, असे स्टोइक मानीत. हेराक्लिटसला हा प्रलय मान्य होता की नाही ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. आणि एक मूलभूत भेद तर निर्विवाद आहे. हेराक्लिटसच्या विश्वाचे मर्म विरोधी तत्त्वांच्या झगड्यात आहे. त्याच्या लोगॉसला मनुष्याच्या कल्याणाची चिंता नाही. स्टोइकांचा लोगॉस पालनकर्ता आहे. ही ममता त्याला झेनोफनच्या सॉक्रेटीसकडून मिळाली, आणि काही अंशी प्लेटोच्या 'टिमिअस'मधील विश्वकर्म्याकडून.

प्लेटोच्या विश्वकर्म्याचे स्टोइकांनी जे केले त्यात त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना दिसतो. प्लेटोच्या 'सोफिस्ट' संवादात देहवाद्यांना एक अडचण घातली आहे : न्याय, ज्ञान, आत्मा ह्या गोष्टी तुम्ही मानता, मग त्या हाताला लागतात काय? ह्या पेचातून बाहेर पडण्यासाठी तेथे एक लक्षण सुचविले जाते. ज्याच्या ठिकाणी दुसऱ्यावर परिणाम करण्याचे अथवा दुसऱ्याचा परिणाम सोसण्याचे सामर्थ्य असेल ते सत्. देहवादी हे लक्षण स्वीकारतील आणि मग त्यांना अशरीरी वस्तू मानाव्या लागतील, असा प्लेटोचा डाव होता. स्टोइकांनी लक्षण आनंदाने स्वीकारले आणि निष्कर्ष उलटा काढला. परिणाम करणे-सोसणे हे देहावाचून शक्य नाही. न्याय आणि आत्मा परिणाम करतात. म्हणून न्याय आणि आत्मा हे देहच होत. ईश्वरही देहच : जड द्रव्याच्या कणाकणांत भिनून राहिलेला, पुढे क्रिसिप्पसने ज्याला अग्नी आणि वायू ह्यांचे मिश्रण असलेला 'प्नेउमा' म्हटले तो श्वास. प्लेटोचा विश्वकर्मा द्रव्याच्या बाहेर उभा राहून वरच्या आदर्शाकडे पाहत होता. स्टोइकांनी त्याला द्रव्याच्या आत उतरविले आणि आदर्शांचे जग रद्द केले. अशरीरी म्हणून चारच गोष्टी उरल्या : पोकळी, स्थान, काल आणि 'लेक्तोन', म्हणजे वाच्यार्थ.

परंतु विश्व असे आतून-बाहेरून विवेकाने भरलेले आहे असे म्हटले की त्यातील प्रत्येक घटना कारणशृंखलेने बांधली जाते. ही नियती. आणि येथे मेगाराच्या बाजूने आलेला तिसरा वारसा निकडीचा होतो. झेनोचा एक गुरू डायोडोरस क्रोनस ह्याचा 'अधिराज' नावाचा युक्तिवाद प्राचीन काळी फार गाजला. एपिक्टीटसने त्याची चौकट सांगितली आहे. पुढील तीन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत : भूतकाळाविषयीचे प्रत्येक सत्य अनिवार्य असते, शक्यातून अशक्य निष्पन्न होत नाही, जे आता सत्य नाही आणि पुढेही होणार नाही असे काही शक्य असते. डायोडोरसने तिसरे विधान टाकले. म्हणजे जे घडते वा घडणार आहे तेवढेच शक्य; जे केले नाही ते करणे शक्यच नव्हते. हे मान्य केले तर योग्य निवड हा शब्दच निरर्थक होतो, आणि सॉक्रेटीसकडून आणलेला सारा नीतिविचार जागच्या जागी कोसळतो.

म्हणून स्टोइकांचा तर्कशास्त्रातील उद्योग हा पंडिती विरंगुळा नव्हता. क्लीअँथीसने पहिले विधान नाकारले. क्रिसिप्पसने दुसरे नाकारण्याचे अधिक धाडसी काम केले, आणि त्यासाठी दिलेले उदाहरण मासलेवाईक आहे. डिऑन जिवंत असता, 'डिऑन मेला असेल तर हा मेला आहे' असे त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले. पूर्वांग शक्य आहे, कारण डिऑन केव्हातरी मरणारच. पण तो मेल्यावर 'हा' म्हणून दाखवावयास कोणी उरत नाही. म्हणून उत्तरांग कधीच सत्य होऊ शकत नाही. शक्यातून अशक्य निघाले. क्रिसिप्पसच्या मते जे स्वरूपतः सत्य होऊ शकते आणि बाह्य परिस्थितीने अडविलेले नसते ते शक्य, मग ते प्रत्यक्षात घडो वा न घडो.

ह्या वादांतूनच सोपाधिक विधानाचे लक्षण, विधानाविधानांचे संबंध आणि स्वयंसिद्ध अनुमानांचे पाच प्रकार निर्माण झाले. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र पदांचे; हे विधानांचे. हा भेद एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांच्या ध्यानात आला नाही आणि त्यांनी स्टोइक तर्कशास्त्राची पोकळ वाग्जाल म्हणून संभावना केली. यान लुकासिएविच ह्याने १९३० नंतरच्या दशकात आणि बेन्सन मेट्स ह्याने १९५३ च्या ग्रंथात त्याचे खरे स्वरूप दाखवून दिले.

नियती आणि उत्तरदायित्व ह्यांचा मेळ घालण्यासाठी क्रिसिप्पसने दिलेला लाटेचा, म्हणजे दंडगोलाचा, दृष्टांत सिसेरोने जपला आहे. उतारावर दंडगोल आणि शंकू ह्यांना धक्का दिला तर दोन्ही हलतात. पण दंडगोल सरळ घरंगळतो आणि शंकू वर्तुळात फिरतो, तो आपापल्या आकारामुळे. बाह्य घटना धक्का देते. तिला संमती द्यावयाची की नाही हे मनाच्या घडणीवर अवलंबून असते. आणि येथे ॲरिस्टॉनला द्यावयाचे उत्तरही पुरे होते. एपिक्टीटसने क्रिसिप्पसचे एक मत सांगितले आहे त्याचा आशय असा : पुढे काय होणार हे जोवर उमगलेले नाही, तोवर निसर्गाला अनुकूल असेल तेच मी निवडीन, कारण निवडण्याचा हा स्वभाव ईश्वरानेच दिला, पण आजारी पडणे हेच माझ्या वाट्याला नेमलेले आहे असे कळले, तर मी आजाराचीही इच्छा करीन. आरोग्य ग्राह्य का, आणि तरीही श्रेय का नव्हे, हे ह्या एका भूमिकेत एकवटलेले आहे. तिच्यात सॉक्रेटीसचा नीतिविचार आहे, हेराक्लिटसचा लोगॉस आहे आणि डायोडोरसने उभा केलेला प्रश्नही आहे. ह्यांतील एक काढले तर उरलेली दोन उभी राहत नाहीत. पोलेमोच्या बागेत ह्या तिहींचा असा संबंध कोणी जोडला नव्हता.

हे भाग एकमेकांत किती घट्ट गुंतलेले होते ह्याचा एक पुरावा पुढील काळात मिळतो. मन हे सर्वस्वी विवेकरूप आहे, भय आणि क्रोध हे दुसऱ्या कोण्या शक्तीचे उद्रेक नसून चुकलेले निर्णयच आहेत, असे क्रिसिप्पसने प्रतिपादिले. जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही ह्या सॉक्रेटीसच्या मताचाच हा शेवट होता. इ. स. पू. पहिल्या शतकात त्याच संप्रदायातील पॉसिडोनियसला हे पटले नाही. लहान मुले आणि पशू ह्यांना विवेक नसतानाही राग येतो, आणि निर्णय तोच राहूनही शोक काळाने ओसरतो, हे कसे, असे त्याने विचारले. गेलेनच्या साक्षीनुसार, उत्तर शोधताना तो प्लेटोच्या मनोविभागाकडे परतला : विवेकाखेरीज मनात क्रोधाची आणि वासनेची शक्ती आहे. गेलेनला ह्या कबुलीचा अतिशय आनंद झाला आणि क्रिसिप्पसविरुद्ध त्याने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. परंतु मनात विवेकाशी झगडणारी शक्ती मानली की विश्वात सर्वत्र भिनलेल्या लोगॉसचा मनुष्य हा अखंड अंश आहे, हे म्हणणे कसे टिकवावयाचे, ह्याचे पॉसिडोनियसने काय उत्तर दिले असेल ते गेलेनने उद्धृत केलेल्या उताऱ्यांत आढळत नाही. गेलेनला त्या प्रश्नात स्वारस्य नव्हते.